धुराड्याआधीचा मनोरा

कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड जेमतेम १२ ते १५ टक्के असतो. बाकी बहुतेक नायट्रोजन. नैसर्गिक वायूवरच्या टर्बाइनच्या धुरात तर तो ४ टक्क्यांच्या आसपास. कार्बन पकडणे महाग पडते त्याचे मूळ या विरळपणात आहे.

सर्वांत रुळलेली पद्धत अमाइनची. थंड केलेला धूर उंच मनोऱ्यात खालून वर चढतो आणि अमाइनचे पाण्यातले द्रावण पन्हळी पत्र्यांच्या भरणीवरून पातळ पदराने खाली उतरते. ४० ते ६० अंशांना ते वायू धरते. दुसऱ्या मनोऱ्यात १२० अंशांपर्यंत तापवले की सोडते. आर. आर. बॉटम्स यांना या युक्तीचे पेटंट १९३० सालीच मिळाले होते. अडचण आहे ती उष्णतेची. मोनोइथेनॉलअमाइनच्या ३० टक्के द्रावणाला टनभर वायू सोडायला साडेतीन ते चार गिगाज्यूल लागतात. ती वाफ टर्बाइनमधूनच वळवावी लागते आणि वायू दाबायलाही वीज जाते. केंद्राच्या विजेचा पाचवा ते चौथा हिस्सा असा खर्ची पडतो.

हा हिस्सा कुठे वाचेल, हे लोखंड उभे करण्याआधी कागदावर पाहता यावे म्हणून संगणकीय मॉडेल. आज रासायनिक उद्योगात सर्रास वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅस्पेन या प्रणालीचा जन्मही कोळशाशी जोडलेला आहे. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर कोळशापासून इंधन बनवण्याच्या प्रक्रिया तपासण्यासाठी अमेरिकी सरकारच्या पैशातून ती एमआयटीत तयार झाली.

शोषक मनोऱ्याचे मॉडेल खरे की खोटे, हे तापमानावरून चटकन कळते. वायू द्रावणात शिरताना उष्णता सुटते, द्रावणातले पाणी वाफ होऊन वर जाते आणि वरच्या थंड द्रावणात पुन्हा मुरते. त्यामुळे मनोऱ्याच्या उंचीवर एका ठिकाणी तापमानाचा उंचवटा तयार होतो. द्रावण कमी सोडले तर तो माथ्याकडे सरकतो, भरपूर सोडले तर तळाकडे. किती वायू पकडला याचा आकडा चुकांनी चुका झाकूनही जुळू शकतो. उंचवट्याची जागा सहसा तशी जुळत नाही. म्हणून प्रायोगिक मनोऱ्यांवर उंचीनुसार तापमापक बसवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमात अलाबामातील विल्सनव्हिलच्या प्रायोगिक संयंत्रावर मॉडेले पडताळली गेली. उत्तरासोबत अनिश्चिततेचा पट्टाही द्यायचा, ही त्या कामातली सर्वांत मोलाची शिस्त.

मॉडेलमध्ये जे घातलेले नसते, ते संयंत्रात हमखास समोर येते. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात बाउंडरी डॅम केंद्राचा तिसरा संच ऑक्टोबर २०१४ मध्ये कार्बन पकडू लागला. व्यापारी पातळीवर कोळसा केंद्राला जोडलेले हे जगातले पहिले मोठे संयंत्र. उद्दिष्ट वर्षाला १० लाख टनांचे होते. पहिली वर्षे मात्र त्यापेक्षा बरीच मागे पडली. बारीक राख उष्णता-विनिमयकांत साचली, अमाइनचे विघटन झाले, द्रावण फेसाळले. समतोलाची समीकरणे बरोबर होती, पण त्यांत राख नव्हती. त्या अनुभवावर २०१८ मध्ये त्याच प्रांतातल्या शँड केंद्रासाठी अभ्यास झाला. त्यात केंद्राचा भार कमी-जास्त होताना संयंत्र कसे वागेल हे तपासले आणि जादा पाणी न उचलता उष्णता बाहेर टाकायची, ही अट सुरुवातीलाच घातली.

भारतात वापरताना ही मॉडेले जशीच्या तशी चालणार नाहीत. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. गंधक कमी, तरी अमाइनला सोसवेल त्याच्या कितीतरी पट जास्त. सल्फर डायऑक्साइड अमाइनशी असे क्षार बनवतो की ते तापवूनही सुटत नाहीत. म्हणजे धूर धुण्याचे संयंत्र आधी, कार्बनचे नंतर. त्यानंतर प्रश्न पाण्याचा. मनोऱ्यात जाण्याआधी धूर थंड करायला, सोडलेला वायू गार करायला आणि दाबताना मधल्या प्रत्येक टप्प्यावर पाणी लागते. मराठवाड्यातले परळीचे वीजकेंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. मराठवाड्यासाठी केलेल्या मॉडेलमध्ये पाण्याची मर्यादा वाफेच्या आकड्याइतकीच आधी लिहावी लागेल.