पांदण, घाट आणि जुनी जीप

बेला, जैनद, तलमडगू या पट्ट्यात जीपची किंमत पावसाळ्यात कळते. पैनगंगेच्या अंगाची ही काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि मृगाचे दोन पाऊस झाले की चाकाला अशी लगडते की बैलसुद्धा वीस पावलांवर थांबून पाय झाडतात. हायवेवर ऐटीत धावणाऱ्या नव्या गाड्या पांदणीच्या तोंडाशीच उभ्या राहतात. पुढे जाते ती जुनी जीप. खताच्या गोण्या, कापसाची गाठोडी, कळा सुरू झालेली बाळंतीण, जे न्यायचे ते तिच्यात घालायचे. म्हणून आमच्या अंगणातल्या एमएम ५४०चे इंजिन बदलायचे की नाही, हा प्रश्न केवळ पोराच्या हौसेचा नव्हता. धाकट्या सुनेचे दिवस भरत आले होते आणि वावरातल्या घरापासून डांबरी रस्ता तीन किलोमीटर लांब.

जीप १९९२ची. नंबर अजून एपी ०१चा. मधल्या काळात राज्य बदलले, टीएस आले, २०२४ पासून टीजी आले, पण जुन्या पाटीवरचे आंध्र तसेच राहिले. इंजिन प्यूजो घराण्याचे, २११२ सीसी डिझेल, ताकद साठ-बासष्ट अश्वशक्तीच्या आसपास. आजच्या हिशेबात हे काहीच नाही. २०१०मध्ये आलेल्या थारच्या सीआरडीई इंजिनाची ताकद १०५ होती. मुलाने हे आकडे मला तोंडपाठ ऐकवले. त्याचे म्हणणे सरळ होते. "बाबा, चढावर ही रडते. एक तर टर्बो बसवू, नाहीतर बोलेरोचं डीआय इंजिन टाकू." खर्च ट्रॅक्टरच्या दोन हप्त्यांएवढा.

आदिलाबादला आमचे एक जुने मिस्त्री आहेत. सगळे त्यांना चाचाच म्हणतात. त्यांनी बॉनेट उघडले, बराच वेळ नुसते ऐकत राहिले आणि म्हणाले, "पहले सौ किलोमीटर चला के देखो भाई, फिर बात करेंगे." मी म्हटले, तुम्हीही चला. सप्टेंबरातल्या एका सकाळी आम्ही तिघे निघालो.

गुडीहत्नूरपर्यंत ४४ नंबरचा हायवे. जुन्या माणसांच्या तोंडी तो अजून सात नंबरच. साठाच्या पुढे जीपचा आवाज असा चढतो की बोलणे बंद. नागपूर-हैदराबाद करणारे ट्रक हॉर्न देऊन पुढे जात होते आणि मुलगा माझ्याकडे पाहत होता. खरे सांगायचे तर हायवेवर त्याचेच बरोबर होते.

गुडीहत्नूरला हायवे सोडून इंद्रवेल्लीकडे वळलो. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी आणि तूर, मागे सागाचे डोंगर. केसलापूरला नागोबाचे दर्शन घेतले. पुष्य अमावास्येला इथे मेसराम कुळातले गोंड बांधव जमतात. त्यांची माणसे जत्रेआधी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात, कुटुंबे बैलगाड्यांनी येतात. त्या गाड्यांच्या चाकोऱ्या गावाबाहेरच्या कच्च्या वाटांवर खोल उतरलेल्या असतात. अशाच एका वाटेवर, पाणी साचलेल्या चाकोरीत, चाचांनी मुलाला जीप घालायला लावली. चारही चाके जोडून लोअर टाकला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायला सांगितला. जीप नुसत्या आयडलवर, गोगलगायीसारखी, चिखलातून बाहेर आली.

मुलगा गप्प झाला तो इथे. लोअर गिअर टाकला की चाकापर्यंत पोचणारा जोर जवळजवळ अडीचपट होतो. ही करामत इंजिनाची नाही, दांड्याखालच्या ट्रान्सफर केसची आहे. चिखलात लागतो तो खालच्या फेऱ्यांवरचा, सावकाश आणि सलग मिळणारा जोर. टर्बोचे उलटे आहे. तो बाहेर पडणाऱ्या धुराच्या वेगावर फिरतो, म्हणून फेऱ्या वाढल्याशिवाय जागा होत नाही. आयडलवर रांगणाऱ्या जीपला त्याचा उपयोग जवळजवळ नाही आणि तो जागा झाला की जोर एकदम येतो. चिखलात एकदम आलेला जोर म्हणजे चाक जागेवर फिरणार आणि खड्डा खोल होणार.

लडाखसारख्या उंचीवर हवा विरळ असते, तिथे टर्बो इंजिनाला हवा पुरवतो आणि खरा कामाला येतो. आमचे आदिलाबाद समुद्रसपाटीपासून २६४ मीटरवर. इथे हवा भरपूर आहे, कमी आहे तो थंडावा. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. या जातीच्या इंजिनात आधीच दाब जास्त, त्यावर आणखी हवा कोंबायची, ती जाळायला पंपातून जास्त डिझेल सोडायचे, म्हणजे उष्णता वाढणार आणि पहिला बळी हेड गॅसकेटचा. शिवाय टर्बोची पाती मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतात तीही इंजिनाच्याच ऑइलवर. लांबून आल्यावर किल्ली लगेच फिरवली तर तापलेल्या टर्बोत ऑइल जळते. आमच्या घरात सहा जण जीप चालवतात. प्रत्येक जण मिनिटभर इंजिन चालू ठेवून थांबेल, याची हमी कोण देणार?

उटनूर, जैनूर करत केरामेरीच्या घाटाला लागलो. २०१६च्या ऑक्टोबरात जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तेव्हापासून हा भाग कुमुरम भीम आसिफाबादमध्ये. वाटेत मारलवाई लागते. हायमेनडॉर्फ आणि त्यांच्या पत्नी चाळीसच्या दशकात इथे गोंडांमध्ये राहिले. जीपमधून अंग खिळखिळे झालेल्या माणसाला त्यांच्या त्या काळातल्या पायपिटीचे जास्तच कौतुक वाटते.

घाट उतरताना दुसरी गोष्ट कळली. चारही चाकांना जुने ड्रम ब्रेक. तिसऱ्या वळणानंतर पेडल लाकडासारखे झाले आणि वास सुटला. चाचांनी दुसरा गिअर टाकायला लावला, मग इंजिनानेच जीप आवरली. मला भीती वाटली ती इथे. उद्या इंजिन दुप्पट जोराचे झाले तरी ब्रेक तेच, गिअरबॉक्स तोच, ॲक्सलही तेच.

परत चढताना मात्र जीप खरोखर रडली. मागे काळा धूर, उष्णतेचा काटा लाल पट्टीजवळ. वर पोचल्यावर चाचांनी यादी केली: नोझल फवारत नाहीत, थेंब टाकतात, पंपाचे टायमिंग सरकले आहे, रेडिएटर अर्धा बुजला आहे, एअर फिल्टरवर हंगामभराची धूळ. मूळची साठ अश्वशक्ती तरी चाकापर्यंत कुठे पोचत होती?

डीआय इंजिनाबद्दल चाचांचे मत वेगळे होते आणि मला ते पटते. ज्याचे जुने इंजिन पार गेले आहे, ज्याला रोज वजन ओढायचे आहे, त्याला ते टर्बोपेक्षा बरे. खालचा जोर चांगला, भाग कुठेही मिळतात. प्यूजोचे भाग आता शोधावे लागतात, हे खरेच. पण कागद पाहावेत. मोटार वाहन कायदा १९८८चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये ते उचलून धरले. इंजिन बदलायचे तर आधी आरटीओची परवानगी, इंजिनाचे बिल आणि आरसीवर नवा नंबर. भंगारातून आणलेल्या इंजिनाचा नंबर जुळला नाही, तर अपघातानंतर विमा कंपनी आधी तेच विचारील. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायला गाडी दाखवावी लागते ते निराळेच.

आम्ही नोझल आणि पंप कॅलिब्रेशनला दिले, रेडिएटरचा कोअर नवा टाकला, ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर बसवला. डिझेल इंजिन पेट्रोलसारखी पोकळी देत नाही, त्यामुळे बूस्टरसाठी अल्टरनेटरला पंप जोडावा लागला. मुलाच्या आग्रहाने नवे टायर घेतले, चिखलाच्या नक्षीचे. ट्रॅक्टरच्या एका हप्त्यात सारे बसले.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, परतीच्या पावसात, रात्री दोन वाजता सुनेला घेऊन जीप पांदणीतून निघाली. मुलाने लोअर टाकला आणि पाय काढून घेतला. तीन किलोमीटरला पंचवीस मिनिटे लागली. दवाखान्यात पहाटे मुलगी झाली. डिसेंबरात केरामेरीचा तोच चढ आम्ही पुन्हा चढलो, काटा मध्यावरून हलला नाही. हायवेवर मात्र ट्रक अजून हॉर्न देऊन पुढे जातात.