मुर्गा मंडी, गाझीपूर

ऑफिसच्या कामाला दिल्लीला गेलात की लिस्ट ठरलेली असते. चांदणी चौक, जामा मशीद, रात्री बटर चिकन. पण त्या बटर चिकनमधली कोंबडी येते कुठून? बघायचं असेल तर पहाटेचा अलार्म लावा आणि आनंद विहारहून रिक्षा करा. फक्त 'मुर्गा मंडी' म्हणायचं.

आधी वास येतो, मग मंडी. शेजारी कचऱ्याचा तो प्रसिद्ध डोंगर, अलीकडे मासळीबाजार. आणि इथे जिवंत कोंबड्यांच्या क्रेटवर क्रेट. वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या पाठीवर. वेगवेगळ्या फार्मवरचे पक्षी इथे पहिल्यांदा भेटतात, आणि त्यांच्या पोटातले बॅक्टेरियासुद्धा! मग इथून गल्लीबोळातली दुकानं.

जानेवारी 2021 मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने मंडी काही दिवस बंद होती. त्याची बातमी झाली. दुसरा धोका मात्र गुपचूप फिरतो. 2014 मध्ये 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट'ने दिल्ली परिसरातल्या चिकनचे 70 नमुने तपासले. 40 टक्क्यांत अँटिबायोटिक्सचे अंश सापडले. त्यात डॉक्सीसायक्लीन होतं, सिप्रोफ्लॉक्सॅसिनही. नावं ओळखीची वाटतात ना? आपले डॉक्टर हीच तर लिहून देतात.

गणित साधं आहे. कोंबडीला खाद्यातून रोज थोडं थोडं औषध मिळालं की लेचेपेचे बॅक्टेरिया मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. हा चिवटपणा ते दुसऱ्या बॅक्टेरियांनाही देऊ शकतात. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतलं औषध. ते कोंबड्यांना देण्यावर सरकारने बंदी घातली ती थेट 2019 मध्ये.

आपल्या पुण्या-मुंबईतही 'समोर कापून दिली, म्हणजे एकदम फ्रेश' असं आपण म्हणतोच. फ्रेश असेलही, पण बॅक्टेरिया डोळ्यांना दिसत नाहीत. दुकानातला लाकडी ठोकळा आणि सुरी तर सगळ्या कोंबड्यांना एकच.

म्हणून चिकन सोडायचं? मुळीच नाही. नीट शिजवलं की चिवट बॅक्टेरियाही मरतात. ते आपल्यापर्यंत येतात हातांवरून, चॉपिंग बोर्डवरून, कोशिंबिरीतून. तेव्हा कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. त्याचा बोर्ड वेगळा ठेवा आणि हात साबणाने धुवा.

आणि साध्या सर्दीला केमिस्टकडून अँटिबायोटिक घेऊ नका. उद्या खरंच गरज पडेल, तेव्हा ती गोळी चालायला हवी.