चालायला वेळ कुठून आणायचा?

गेल्या दिवाळीनंतर पोटात उजव्या बाजूला दुखू लागलं, म्हणून डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली. मनात भीती होती ती पित्ताशयातल्या खड्यांची. खडे निघाले नाहीत, पण रिपोर्टात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असं आलं. म्हणजे यकृतात चरबी साठलेली.

घरी सांगितलं तर सासूबाई क्षणभर बोलल्याच नाहीत. मग हळूच म्हणाल्या, ‘‘बाहेर कुणाला सांगू नको बाई. लिव्हर म्हटलं की लोकांना दारूच आठवते.’’ मला रडूच आलं. आमच्या घरात कुणी थेंबाला शिवलेलं नाही, आणि मी शाळेत शिकवणारी बाई हे दुखणं पदराआड लपवत फिरणार! पुढे वाचनात आलं की २०२३ साली जगभरच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी या आजाराचं नावच बदललं. जुन्या नावातला दारूचा उल्लेख काढून टाकला. तेव्हा कुठे जरा बरं वाटलं.

डॉक्टरांनी गोळी दिली नाही. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला म्हणाले. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं भरभर. शिवाय वजन ७ ते १० टक्के उतरवायचं. माझं ६८ किलो, म्हणजे निदान पावणेपाच किलो! ‘‘पण काटा हलला नाही तरी चालणं सोडू नका,’’ हे त्यांनी बजावून सांगितलं. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, इन्सुलिनचं काम सुधारतं आणि वजन उतरलं नाही तरी यकृतातली चरबी कमी होऊ शकते.

ही चरबी आली कुठून, ते मला पक्कं ठाऊक होतं. मुलांच्या ताटात उरलेली पोळी, रविवारचे तर्री-पोहे, स्टाफरूममधली संत्राबर्फी, आणि दिवसाचे चार कप गोड चहा.

‘‘दिवसभर तर पायावर उभी असते तू. आणखी कशाला चालून राहिली?’’ सासूबाईंनी विचारलं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून एक दिवस घड्याळ लावून पाहिलं. ओट्यापासून न्हाणीपर्यंत, न्हाणीपासून गॅलरीपर्यंत. सलग दहा मिनिटं दम लागेल असं त्यात काहीच नव्हतं. बाकी वेळ नुसतं उभं राहण्यात, नाहीतर वह्या तपासत बसण्यात.

चालायचं खरं, पण केव्हा? आमच्याकडे नळ सहाला येतो, पावणेसातला जातो. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यानंतर बाहेर पडण्यात अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वी ह्यांची साखर वाढली होती, तेव्हा सगळं घर मी त्यांच्या फिरण्याभोवती लावून दिलं होतं. माझ्या वेळी कुणाच्या ते लक्षातही येऊ नये? एरवी मी राग गिळला असता. या वेळी म्हटलं, ‘‘अहो, उद्यापासून पाणी तुम्ही भरायचं.’’

पेपरातून डोकं वर न काढता हे म्हणाले, ‘‘किती दिवस?’’

‘‘कायमचं.’’

पहिला आठवडा घरात अबोलाच होता. मी अंबाझरीच्या बाजूला चालत होते, आणि मन मात्र नळापाशी. पंधरा मिनिटांपासून सुरुवात केली, महिन्याभरात पाऊण तासावर आले. आठवड्यातून चार दिवस. एखादा दिवस चुकतो, सणावाराला दोनही.

ज्यांना साखर आहे, पोटाचा घेर वाढला आहे, त्या मैत्रिणींनी डॉक्टरांना एकदा यकृताबद्दल जरूर विचारावं. हा आजार फार दिवस काही बोलतच नाही. माझं दुखणं निराळंच होतं, पित्ताचं. २०२१ साली केंद्र सरकारनंही मधुमेह-रक्तदाबाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात याला जागा दिली आहे.

सहा महिन्यांनी वजन उतरलं अवघं दोन किलो. रक्ततपासणीतला यकृताचा वाढलेला आकडा मात्र सरळ झाला. सोनोग्राफी पुन्हा करायची आहे. हे पाणी भरतात, अगदी न सांगता. पिंपावर झाकण ठेवायचं तेवढं अजून विसरतात.