पंचाला न दिसलेला स्पर्श

धाराशिव जिल्ह्याला खेळात नाव मिळवून दिले ते खो-खोने. इथली सारिका काळे 2016 मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तो खो-खोच्या वाट्याला तब्बल 22 वर्षांनी आलेला मान होता. हुलकावणी कशी द्यायची, खांबावर सूर कसा मारायचा, हे शिकवणारे इथे पुष्कळ आहेत. प्रामाणिकपणाचा सराव मात्र वेळापत्रकात नसतो.

खो-खोत त्याची कसोटी क्षणात लागते. पळणारी मुलगी खांबाला वळसा घेते, मागची आक्रमक सूर मारते आणि तिची बोटे पोटरीला निसटती लागतात. धूळ उडालेली, पाटीवर आठ जणी बसलेल्या, दोन बाजूंना दोन पंच. बोटे लागली की नुसता वारा लागला, हे कित्येकदा त्या दोघींनाच ठाऊक. पळणारीने हात वर करून मैदान सोडले तर वाद उरत नाही. ती पळत राहिली तर संघाच्या पळतीत सेकंद जमा होतात, आणि अटीतटीच्या सामन्यात तेवढ्यावर निकाल फिरतो.

आक्रमकाचेही तसेच. घेतलेली दिशा बदलली, मध्यपाटी ओलांडली, खो मिळण्याआधीच बसलेली उठली, तर तो फाऊल. पंचाची शिट्टी वाजली नाही म्हणून तो नियमात बसत नाही.

गोल्फमध्ये तर बहुतेक वेळा जवळ पंचच नसतो. आपला दंड आपणच लावायचा, हा तिथला नियम. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये, वुस्टरच्या मैदानावर, बॉबी जोन्स गवतातला फटका मारायला उभा राहिला आणि चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कुणाला ते दिसले नव्हते. अधिकाऱ्यांनी निर्णय त्याच्यावरच सोडला. त्याने स्वतःवर एका फटक्याचा दंड लावून घेतला. स्पर्धेअखेर तो विली मॅकफार्लेनच्या बरोबरीत आला आणि प्लेऑफमध्ये हरला. तो एक फटका नसता, तर प्लेऑफची वेळच आली नसती. कौतुक झालेले त्याला आवडले नाही; नियम पाळला यात विशेष काय, असे त्याचे म्हणणे. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1955 पासून खिलाडूवृत्तीसाठी त्याच्याच नावाने पुरस्कार सुरू केला.

खो-खोत पंच आहेत, म्हणून खेळाडूची जबाबदारी कमी होते असे मला मुळीच वाटत नाही. मोठ्या सामन्यांत कॅमेरे असतात; तालुक्याच्या मैदानावर बारा-तेरा वर्षांची मुलगी असते आणि बाहेरून ओरडणारे आपण मोठे असतो. ती स्वतःहून बाहेर आली की ‘पंचांनी कुठं दिलं होतं?’ असे तिला विचारले जाते. हा प्रश्न प्रशिक्षकांनी आणि पालकांनी आधी बंद करावा. आणि जिल्हा स्पर्धेत उत्कृष्ट संरक्षक, उत्कृष्ट आक्रमक यांच्या जोडीला एक बक्षीस स्वतःहून बाद झालेल्या खेळाडूसाठी ठेवावे. सुरुवात याच हंगामापासून करावी.