झोपेतली धाव
अंजनवेलच्या बंदरात ओढून ठेवलेल्या होडीच्या सावलीत झोपलेलं कुत्रं मधेच पंजे झाडतं, मिटल्या तोंडाने भुंकतं. ते स्वप्न पाहत असावं, असं माझं मत. ‘नुसते स्नायूंचे झटके’ हा आक्षेप ठरलेलाच. पण १९६०च्या दशकात फ्रान्समध्ये मिशेल जूव्हे यांनी मांजरांच्या मेंदूतला, झोपेत स्नायू लुळे ठेवणारा भाग निकामी केला, तेव्हा ती झोपेतच उठून वावरू लागली. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटीत झोपलेल्या उंदरांच्या मेंदूत जागेपणी धावलेल्या वाटेचाच क्रम उमटलेला आढळला. हे दोन्ही घडलं ते झोपेत डोळे भरभर हलतात त्या टप्प्यात, आणि तो टप्पा कुत्र्यालाही असतो. मग त्यालाच का वगळायचं? स्वप्नात मासळी असते की पलीकडच्या वाडीतला वैरी, हे मात्र त्याला विचारता येत नाही. पंजे हलत असताना त्याला हात लावून उठवू नका, दचकून चावेल.