चवदार तळ्याहून हर्णैच्या समुद्रात

दरवर्षी २० मार्चला आम्ही सहकुटुंब महाडला जातो. चवदार तळ्यावर बाबासाहेबांना अभिवादन करायचे, क्रांतिस्तंभाला वंदन करायचे, पुस्तकांच्या स्टॉलवरून एक-दोन पुस्तके घ्यायची आणि रात्रीच्या गाडीने परत फिरायचे, हा आमचा शिरस्ता. यंदा मात्र मुलांनी हट्ट धरला. "एवढ्या लांब जातो, तर पुढे हर्णैला जाऊ. होडीतून डॉल्फिन बघू, समुद्रातला किल्ला बघू."

खरे सांगायचे तर आमच्या घरात 'फिरायला जाणे' हा प्रकारच नव्हता. चैत्यभूमी, दीक्षाभूमी, महाड, गावची लग्नकार्ये, एवढाच आमचा प्रवास. प्राणी-पक्षी पाहण्यासाठी पैसे खर्चून कुठे जायचे असते, हे आमच्या मागच्या पिढीने ऐकलेसुद्धा नव्हते. आमच्या आईचे वय ७६. ती म्हणाली, "पैसे देऊन मासे बघायचे? बाजारात फुकट दिसतात की!" मग हळूच म्हणाली, "आणि मला पाण्यात नेऊ नका रे बाबांनो." तिची भीती आम्हाला ठाऊक होती. तिचे बालपण माणगाव तालुक्यातल्या एका खेड्यात गेले. विहिरीवर चढायचे नाही, कोणी वरून ओतले तरच घागर भरायची, नाहीतर उन्हात बसून राहायचे. पाणी म्हणजे दुसऱ्याच्या मर्जीची वस्तू, हे तिच्या मनात तेव्हाच बसलेले.

तरीही मुलांपुढे कोणाचे चालले नाही. धाकटीने आपला गल्ला फोडला, आम्ही दिवाळीतल्या बोनसचे राखून ठेवलेले पैसे काढले आणि निघालो.

महाडला तळ्याच्या पायऱ्यांवर थोरल्याने विचारले, "बाबासाहेब इथे कसे आले होते? एसटीने?" आम्ही त्याला सांगितले की, १९२७ च्या डिसेंबरातल्या सत्याग्रहाला बाबासाहेब मुंबईहून बोटीने आले होते. बरोबर शेकडो अनुयायी होते. समुद्रातून सावित्रीच्या खाडीत शिरून ते दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सारे पायी महाडला आले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा निकाल मात्र कोर्टात रखडला आणि १९३७ साली मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने न्याय दिला. हे ऐकून आई म्हणाली, "म्हणजे बाबासाहेब याच समुद्रावरून आले?" थोडा वेळ गप्प राहून तीच म्हणाली, "मग चला. मीही बसते होडीत."

रात्री दापोलीला नातेवाइकांकडे मुक्काम केला. या दापोलीशीही आपले नाते आहे. रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झाल्यावर काही काळ कुटुंबासह इथे राहिले होते, तेव्हा बाबासाहेब अगदी लहान होते. पहाटेच्या गाडीने हर्णै बंदरात पोचलो. मासळीचा वास, जाळी दुरुस्त करणारी माणसे, टोपल्या घेऊन लगबगीने जाणाऱ्या बायका. आपल्यासारखीच कष्टाची माणसे पाहून आमचे अवघडलेपण गेले.

नाखव्याने आधी सर्वांना लाइफ जॅकेट घालायला लावली. आईच्या लुगड्यावरून ते नारिंगी जॅकेट चढवताना धाकटी हसून हसून बेजार झाली. होडीत आमच्याखेरीज आणखी सात-आठ जणांचा एक गट होता. होडी हलली तशी आईने आमचा हात घट्ट धरला. पण बंदर मागे पडले आणि कुरव पक्षी वर घिरट्या घालू लागले, तेव्हा ती मान वर करून पाहू लागली. नाखव्याने एक मोठा पक्षी दाखवला. पोट पांढरे, पाठ राखाडी, पंख लांबरुंद. तो समुद्रगरुड. किनाऱ्यावरच्या उंच झाडावर घरटे बांधतो आणि वर्षानुवर्षे त्याच घरट्याची डागडुजी करून वापरतो, हे कळल्यावर आई म्हणाली, "आपल्या चाळीतल्या खोलीसारखंच!"

तेवढ्यात थोरला ओरडला, "तो बघा!" पाण्यातून एक करडी पाठ वर आली आणि गेली. मग दुसरी. तिच्या बाजूला एक लहानशी. कोकणच्या किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात राहणारा हा डॉल्फिन. त्याच्या पाठीवर उंचवटा असतो, म्हणून त्याला हंपबॅक म्हणतात. तो मासा नव्हे. आपल्यासारखाच तो फुप्फुसाने श्वास घेतो, त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा वर यावे लागते, आणि मादी पिल्लाला दूध पाजते. हे सारे थोरल्याने आजीला समजावून सांगितले.

पण त्या गटातली मंडळी उठून उभी राहिली. "अजून जवळ घ्या, फोटो नीट येत नाही. वर पैसे देतो!" नाखव्याने मशीन वाढवले. होडी डॉल्फिनच्या मागे धावू लागली. ते इकडे वर आले की होडी इकडे, तिकडे आले की तिकडे. धाकटी रडवेली होऊन म्हणाली, "आजी, ती पिल्लाला घेऊन पळतेय."

आम्हाला हे पटत नव्हते. रोज वंदनेत आपण पंचशील म्हणतो. प्राणिमात्राला इजा करणार नाही, हे त्यातले पहिलेच शील. तरीही आम्ही एकमेकांकडे पाहत गप्प बसलो. परक्या माणसांत तोंड उघडले तर कोणी काय म्हणेल, ही जुनी सवय. कबूल करताना लाज वाटते, पण ती अजून आमच्या अंगातून गेलेली नाही.

बोलली ती आई. बसल्या जागेवरून, पण खणखणीत आवाजात. "नाखवा, मशीन बंद करा बाळा. ती श्वास घ्यायला वर येतेय. तिला हुसकावू नका. पाण्यावरून हुसकावलं की काय वाटतं, ते मला ठाऊक आहे."

कोणीच काही बोलले नाही. नाखव्याने तिच्याकडे पाहिले आणि मशीन बंद केले. गटातला एक जण "पैसे वाया गेले" असे पुटपुटला. होडी लाटांवर नुसती डुलत राहिली. पाच-दहा मिनिटे काही दिसले नाही. मग बऱ्याच अंतरावर दोन पाठी वर आल्या, एक मोठी, एक लहान. मशीनचा आवाज नसल्यामुळे त्यांच्या श्वासाचा 'फुस्स' असा आवाज आम्हाला स्पष्ट ऐकू आला. मघाशी पुटपुटणाऱ्या त्या गृहस्थांनीही मोबाइल खाली ठेवला होता.

पुढे सुवर्णदुर्गाला गेलो. चहूबाजूंनी समुद्र आणि मधोमध हा किल्ला. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराशी त्याचे नाव जोडलेले. २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत हाही आहे. होडीतून उतरताना आईचे पाय घोटाभर पाण्यात गेले. तिने खाली वाकून ओंजळ भरली, तोंडावर पाणी मारले आणि म्हणाली, "खारट आहे, पण कुणाच्या बापाचं नाही."

परतीच्या गाडीत आम्ही त्याचाच विचार करत होतो. पाण्याचा हक्क बाबासाहेबांनी मिळवून दिला, तो आपण आपल्यापुरता मोजत आलो. ज्यांना बोलता येत नाही त्यांनाही त्या पाण्यात निर्भयपणे जगू द्यायचे, हा त्याच हक्काचा पुढचा अर्थ आहे. तथागतांनी सांगितलेली मैत्री ती हीच. चार बुके शिकलेल्या आम्हाला हे होडीत सुचले नाही, शाळा न पाहिलेल्या आईला सुचले.

वाचक बंधु-भगिनींनो, महाडला जाल तेव्हा जमल्यास एक दिवस जास्त काढा आणि मुलांना समुद्र दाखवा. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा त्याआधी किंवा नंतर जा आणि सकाळची वेळ गाठा. लाइफ जॅकेटशिवाय होडीत बसू नका. होडीत बसण्यापूर्वीच नाखव्याला सांगा की, डॉल्फिनच्या मागे धावू नका, दुरून पाहू. डॉल्फिनला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, हेही मुलांना सांगा. वेफर्सची पाकिटे पाण्यात टाकू नका. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना मागे ठेवून जाऊ नका.

आई आता शेजारणींना सांगते, "मी डॉल्फिनचा श्वास ऐकला." पुढच्या २० मार्चसाठी धाकटीने नवा गल्ला आणला आहे. त्यात पहिले नाणे आईने टाकले.

जयभीम!