पितृपक्षात काढलेलं शोरूमचं काम

गाड्यांच्या शोरूमचं नूतनीकरण म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? काच, झगमगाट, पांढऱ्याशुभ्र टाइल्स, कॉफीचं मशीन आणि बसलं की उठवत नाही असा सोफा. कंपनीवाल्यांच्या डोक्यातही साधारण हेच असतं. त्यांच्याकडून एक जाडजूड पुस्तक येतं. दर्शनी भागाचा रंग कुठला, बोर्ड किती उंच, दिवे किती प्रखर, टेबलाखुर्च्या कुणाकडून घ्यायच्या, सगळं त्यात लिहिलेलं. काम चालू असताना गिऱ्हाइकाने कुठे बसायचं आणि गाडी कुठे धुवायची, हे मात्र त्यात नसतं.

माझा मामेभाऊ जालना रोडवरच्या एका डीलरकडे व्यवस्थापक आहे. (नाव सांगत नाही, त्याला तिथे नोकरी करायची आहे :) ) २०२५ च्या उन्हाळ्यात हे काम त्याच्या गळ्यात पडलं. मी शनिवारी घरी गेलो की दादा वही घेऊन बसायचा. "तुम्ही लोक रात्रीतून बँकेची सिस्टिम बदलता आणि सकाळी कुणाला कळत पण नाही. ते कसं करता रे?" आता आम्हा आयटीतल्या हमालांना असं कुणी विचारलं की छाती दोन इंच फुगते. मी म्हटलं, चालू सिस्टिमला हात लावताना नवीन काय पाहिजे हे आम्ही नंतर बघतो. आधी बघतो की काय बंद पडलं तर धंदा बसेल.

दादाने क्षणभरही विचार केला नाही. "वर्कशॉप."

बाहेरून बघणाऱ्याला हे चटकन पटत नाही. नवीन गाडीवर डीलरला सुटणारं मार्जिन अगदी बेताचं, त्यातलंही बरंचसं डिस्काउंटमध्ये जातं. उभ्या स्टॉकवर बँकेचं व्याज रोज चढतं ते वेगळंच. पगार, वीज, भाडं हे सगळं ओढतं ती मागची बाजू: सर्व्हिसिंग, स्पेअर पार्ट, डेंटिंग-पेंटिंग. म्हणजे पुस्तक पुढच्या काचेचं आणि पोट मागच्या शेडवर!

आणि पुढची काच लावायची तरी कुठे? जून-जुलै २०२५ मध्ये महापालिकेने मुकुंदवाडी-चिकलठाणा भागात जालना रोडलगतची बांधकामं रुंदीकरणासाठी पाडली. लोक डोळ्यांदेखत दुकानांची शटरं काढून नेत होते. त्यामुळे दादाने आर्किटेक्टला बोलवायच्या आधी टेप मागवला. रस्त्याच्या मध्यापासून मोजायचं, विकास आराखड्यातली रेषा कुठे येते ते नगररचना विभागातून समजून घ्यायचं आणि मगच खर्चाचा आकडा काढायचा. माझ्या मते या अख्ख्या कामातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल हेच. ज्या भिंतीचं आयुष्य ठाऊक नाही तिच्यावर भारीतली क्लॅडिंग कशाला ठोकायची?

आता तारीख. आमच्याकडे रिलीज शनिवारी रात्री असतं, कारण तेव्हा वापरणारे कमी. गाड्यांच्या धंद्यातला शनिवार म्हणजे पितृपक्ष. गाडी ठरवून ठेवतील, पण त्या पंधरवड्यात चावी सहसा कुणी हातात घेत नाही. २०२५ मध्ये तो ८ ते २१ सप्टेंबर होता. म्हणजे तोडफोड, धूळ, वेल्डिंग असं जे काही गलिच्छ आहे ते या १४ दिवसांत, आणि घटस्थापनेला दार उघडं. दादाचं ठरलं.

त्यात १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटी कमी करू असं जाहीर केलं आणि शोरूममध्ये माश्या मारायची वेळ आली. कोण घेणार महाग गाडी! ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने लहान गाड्यांचा कर १८ टक्क्यांवर आणला, लागू २२ सप्टेंबरपासून. म्हणजे नेमकी घटस्थापना. लहान पेट्रोल गाडीवर आधी २८ टक्के कर आणि वर १ टक्का सेस होता. मूळ ५ लाखांची गाडी ६ लाख ४५ हजारांना पडायची ती ५ लाख ९० हजारांवर आली. गिऱ्हाइकाचे ५५ हजार वाचणार म्हणजे २२ तारखेला झुंबड उडणार हे उघड होतं. सांभाळून घ्यायला एक दिवसही मागेपुढे उरला नाही. शिवाय आधीच्या स्टॉकवर भरलेला सेस खात्यात नुसता अडकून बसला. लहान गाडीवर तो १ टक्का, पण मोठ्या एसयूव्हींवर २२ टक्क्यांपर्यंत होता. सोफ्याचे पैसे तिथेच गेले म्हणा ना.

तेव्हा मालकांपुढे दादाने सरळ प्रश्न ठेवला. दर्शनी भाग आणि वर्कशॉप दोन्ही पुरं होणार नाही, कुठलं घ्यायचं? दोन बैठका तापल्या. कंपनीच्या माणसाला समोरच्या भागाचा फोटो हवा होता. शेवटी असं ठरलं की पुढे फक्त बोर्ड, दिवे आणि रंग, बाकी सगळा जोर मागे.

मागचं काम अर्ध्या-अर्ध्या भागात केलं. शेडच्या मधोमध जाड ताडपत्रीचा पडदा. एका बाजूला फरशी फोडणं चालू, दुसऱ्या बाजूच्या लिफ्टवर गाड्या. कॉम्प्रेसरची नवी लाइन आधी टाकून, चालवून बघून मगच जुनी कापली. (हे आमचंच तंत्र, पण श्रेय मागितलं नाही.) सगळ्यात मोठा शत्रू धूळ. पेंट बूथमध्ये चिमूटभर गेली तरी बॉनेट पुन्हा घासावं लागतं, म्हणून फोडाफोडी आणि पेंटिंग एका दिवशी ठेवायचंच नाही. तयार गाड्या चिकलठाण्याच्या एका भाड्याच्या जागेत हलवल्या. वॉशिंग रॅम्पखाली टाकी बांधून धुण्याचं पाणी गाळून पुन्हा वापरायची सोय केली. आपल्या गावात पाण्याचा टँकर हा कायमचा खर्च, त्यामुळे माझा जीव या टाकीवर जास्त. बोर्डावर या वेळी शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर आलं. नाव २०२३ मध्येच बदललं होतं, जुना बोर्ड तेवढा राहून गेला होता.

जाता जाता आठवलं. ऑक्टोबर २०१० मध्ये याच शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. मी शाळेत होतो. त्या खरेदीत कुणी सोफा कसा आहे हे बघितलं असेल असं वाटत नाही. असो.

२१ तारखेच्या रात्री शेवटचा दिवा लागला तेव्हा बाहेर पाऊस होता. २२ ला झुंबड उडाली ती बहुतेक शहरातली, सिडको-गारखेड्यातली. पैठण, गंगापूर, वैजापूरकडच्या बुकिंगवाल्यांचे फोन मात्र वेगळेच येत होते. त्या सप्टेंबरात मराठवाड्यात पावसाने थैमान घातलं होतं, सोयाबीन आणि कपाशी पाण्यात उभी होती. दसरा २ ऑक्टोबरला होता. दादाने त्या बुकिंगांची यादी वेगळी काढली, मालकांशी बोलून कुणाचीही रक्कम न कापता परत द्यायचं ठरवलं, आणि ज्यांना थांबायचं होतं त्यांची नावं पुढच्या पाडव्याच्या पानावर लिहून घेतली. दसऱ्याला नव्या डिलिव्हरी बेमध्ये हार घातलेल्या गाड्यांची रांग होती. मागे वर्कशॉपमध्ये, नव्या फरशीवर, पुराच्या पाण्यात बुडालेली पहिली गाडी लिफ्टवर चढवली होती.